अकरा मतांचा उपाध्यक्ष

स्लावा म्हणजे सर्बांच्या घराण्याच्या संताचा सण. स्लावेला कुणाला बोलवायचं नसतं. घराण्याच्या संताचा दिवस सगळ्या गावाला पाठ असतो. ज्याला यायचं तो येतो, ज्याला यायचं नाही तो येत नाही, आणि कोण आलं नाही हे यजमानाच्या मरेपर्यंत लक्षात राहतं. बोलावणं करायची पद्धत असती तर व्लास्तिमिरने यंदा दारोदार फिरून, प्रसंगी पाया पडून बोलावलं असतं. पण ती सोयच त्याच्या वाडवडिलांनी ठेवली नव्हती.

त्याच्या घराण्याचा संत अलिंपिये. हा बाबा आयुष्यभर एका खांबावर उभा राहिला, खाली उतरलाच नाही. पाऊस आला, बर्फ आलं, लोक खालून हात जोडून गेले, हा आपला उभा. लहानपणी व्लास्तिमिरला वाटायचं, या माणसाला उतरावंसं वाटत नसेल का? यंदा त्याला वेगळाच प्रश्न पडला होता. उतरावंसं वाटलं असेल, पण खाली शिडी लावायला कुणी आलं नसेल, तर?

सकाळी पाद्री आला, मेणबत्ती पेटवली, गोल भाकरीवर लाल वाइन ओतून ती कापली, गव्हाचा गोड प्रसाद चमचाभर तोंडात टाकला आणि कोट न काढताच निघाला. एरवी हाच पाद्री दुपारपर्यंत टेबलावरून उठायचा नाही, आणि उठला की दोघांना धरायला लागायचं.

"आज बरीच घरं आहेत," तो दारात म्हणाला.

गावात आज अलिंपियेचं घर एकच होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

त्याच्या बायकोने, स्तामेनाने, दोन खोल्यांतली टेबलं जोडून लांबलचक पंगत मांडली होती. उपवासाचे दिवस, तेव्हा मांस-दूध नाही. भट्टीत रात्रभर मुरलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ होती, तळलेले मासे होते, कोबीच्या पानांत भात आणि अक्रोड गुंडाळून केलेले मुटके होते, भाजल्या मिरच्यांची लाल चटणी होती. दरवर्षीइतकंच सगळं. स्तामेनाने कमी केलं नाही. कमी केलं असतं तर तिनेच नवऱ्याच्या तोंडावर निकाल वाचून दाखवल्यासारखं झालं असतं.

"बस तरी जरा," ती म्हणाली. "कुणी आलं की उठ."

"स्लावेला यजमान बसत नाही."

"पाहुण्यांपुढे बसत नाही. खुर्च्यांपुढे बसलं तर चालतं."

तो बसला नाही. खिडकीपाशी उभा राहून फाटकाकडे बघत राहिला. फाटकावर कुणीतरी खडूने अकराचा आकडा काढला होता. स्तामेनाने तीनदा पुसला, तीनदा परत आला.

त्या अकराची गोष्ट अशी.

ब्रेस्तिका हे कोसोवोतलं सर्बांचं गाव छोटं, पण त्याला पालिका दोन. एक बेलग्राडची, म्हणजे सर्बियाची. ती जुन्या सहकारी सोसायटीच्या खोलीत, शेगडीशेजारी बसते. दुसरी प्रिष्टिनाची, म्हणजे कोसोवोची. ती शहरात, काचेच्या दाराच्या इमारतीत बसते. पहिली दुसरीला मानत नाही, दुसरी पहिलीला. दोघींकडे गोल शिक्का आहे, दोघींकडे ब्रेस्तिकाचा नकाशा आहे; एकीच्या नकाशात गाव एका जिल्ह्यात, दुसरीच्या नकाशात दुसऱ्याच. दोन बायका फजिती ऐका म्हणतात, इथे फजिती सगळ्या कोसोवोला ऐकू जात होती. आणि इतकं असून गावाला नळाचं पाणी मात्र कुठल्याच नकाशात नव्हतं.

ग्वोझ्देन हा शेगडीजवळच्या पालिकेचा गावातला प्रमुख. दांडगा माणूस, आवाज भरदार, मिशा त्याहून. त्याने वसंतात सगळ्या गावाला चर्चच्या अंगणात उभं केलं आणि क्रॉसवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की त्या काचेच्या दारातून आपल्यातलं कुणी आत जाणार नाही आणि त्यांच्या मतपेटीला कुणी हात लावणार नाही. व्लास्तिमिरनेही हात ठेवला. त्याच्या शेजारी त्याचा कुम रादोश उभा होता. कुम म्हणजे लग्नात पाठीशी उभा राहिलेला, मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलेला माणूस. रक्ताचं नातं तुटेल, हे तुटत नाही असं म्हणतात.

त्यानंतर आठवड्याभरातच रुस्तेम भेटला. रुस्तेम अल्बानियन, काचेच्या पालिकेचा अध्यक्ष. पण युद्धाआधी हा आणि व्लास्तिमिर एकाच लाकूड कारखान्यात एकाच करवतीवर होते, आणि एकाच करवतीवरच्या माणसांना एकमेकांशी खोटं बोलायची सवय राहत नाही. रुस्तेम म्हणाला, निवडणुकीच्या यादीत एक सर्ब नाव असावं असं वरून सांगितलंय. तुझं घालू दे. तुमची माणसं मतदान करणारच नाहीत, तू निवडून येणार नाहीस, कुणाला कळणार नाही. यादी आमच्या इमारतीत लागते, तिथे तुमचं कुत्रंही फिरकत नाही. मी तुमच्या गावाची पाण्याची लाइन पुढे ढकलतो.

व्लास्तिमिरचा गुन्हा एवढाच, की त्याने आपल्या माणसांच्या शपथेवर पूर्ण विश्वास ठेवला.

मतदानाच्या दिवशी तो घरातून बाहेर पडला नाही. सगळं गाव पडदे ओढून घरात बसलं होतं. संध्याकाळी रेडिओवर आकडे आले आणि ब्रेस्तिकाच्या शाळेतल्या पेटीतून व्लास्तिमिरच्या नावावर अकरा मतं निघाली. कायदा असा, की अल्पसंख्याकांतल्या ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो आपोआप उपाध्यक्ष. दुसरं सर्ब नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तेव्हा अकरा मतांत व्लास्तिमिर उपाध्यक्ष झाला, स्वतःचं मत स्वतःला न देता.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणीतरी म्हणालं, "अकरा म्हणजे फुटबॉलचा संघ झाला की. गोलकीपर कोण?" सगळे हसले आणि हसता हसता एकमेकांकडे बघायला लागले. कारण मतं देणारे अकरा जण त्या हसणाऱ्यांतच होते. आपण त्या अकरातले नाही हे दाखवायचा सोपा मार्ग एकच होता, व्लास्तिमिरशी बोलायचं नाही. अकरांनी तो मार्ग सगळ्यांत आधी धरला.

तो राजीनामा द्यायला निघाला होता. आधी ग्वोझ्देनला सांगावं म्हणून शेगडीपाशी गेला.

"राजीनामा देतो," तो म्हणाला.

"कशाचा?" ग्वोझ्देन शेगडीत लाकूड सारत म्हणाला.

"उपाध्यक्षपदाचा."

"आपण ती पालिका मानतो का, व्लास्ता?"

"नाही."

"मग जी पालिकाच नाही, तिचं पद असेल का?"

"नसेल."

"मग जे नाही त्याचा राजीनामा द्यायला तू त्या दारातून आत जाणार, त्यांच्या अध्यक्षासमोर बसणार, त्यांच्या कागदावर सही करणार. म्हणजे ते आहे असं म्हणणार. शपथ कशाची घेतली होतीस?"

"मग मी करू काय?"

"काही करू नकोस. फक्त गाव तुला ओळखणार नाही."

"का पण? पद नाहीच ना?"

"पद नाही," ग्वोझ्देन शांतपणे म्हणाला. "पण तू उपाध्यक्ष आहेस."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या मधे उभं राहायला जी वीतभर जागा, तिच्यावरही ग्वोझ्देनचं लक्ष. व्लास्तिमिर घरी आला. सर्बियातल्या क्रागुयेवात्सहून मुलाचा फोन आला होता, "बाबा, खरं आहे का?" एवढंच विचारायला. स्लावा अजून कितीतरी महिने दूर, तरी तेव्हा रजा मिळणार नाही असंही त्याने आताच सांगून टाकलं.

रुस्तेमने शब्द पाळला, ही वर आणखी शिक्षा. उन्हाळ्यात खोदकाम झालं, नळ आले, पाणी आलं. गावाने पाणी घेतलं. पाण्याला मान्यता द्यावी लागत नाही, नळ फिरवावा लागतो. ग्वोझ्देनच्या बायकोने तर अंगणात दुसरा नळ काढून घेतला. व्लास्तिमिर रस्त्याने गेला की त्याच नळांवर बायका बादल्या भरत पाठ फिरवायच्या.

हे सगळं त्याने सोसलं. गावाला राग यायचा तो येतो आणि विरतो, हे त्याला माहीत होतं. पण एक दिवस रादोश समोरून आला. व्लास्तिमिरने हात वर केला, आणि रादोशने टोपी डोळ्यांवर ओढून रस्ता ओलांडला. त्या रात्री व्लास्तिमिर जेवला नाही. त्या दिवसापासून त्याने एकच गोष्ट धरून ठेवली होती: स्लावा. स्लावेला कुम येतोच. आजारी असला तर काठी टेकत येतो, भांडला असला तर तोंड फिरवून येतो, पण येतो. ज्या घरच्या स्लावेला कुम येत नाही ते घर मेलं असं समजतात. यंदा रादोश आला तर आपण अजून या गावात आहोत. नाही आला तर घरदार विकून मुलाकडे जायचं आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसून मरायचं. त्याचं असं ठरलं होतं, आणि स्तामेनाला न सांगता कळलं होतं.

दुपार झाली. मेणबत्ती निम्मी झाली. उसळीवर पापुद्रा धरला. स्तामेना ती पुन्हा पुन्हा गरम करत होती. तिचे डोळे लाल झाले होते आणि विचारलं असतं तर तिने कांद्यावर ढकललं असतं.

मग फाटकापाशी गाडी थांबली.

काळी, चकचकीत, पालिकेची. दारावर पालिकेचं चिन्ह, काचेआड कोसोवोचा छोटा निळा झेंडा, पुढे ड्रायव्हर. सगळ्या गल्लीला दिसेल अशी ती फाटकासमोर आडवी लागली. मागून रुस्तेम उतरला, गडद सूट, हातात कागदात बांधलेला डबा.

"मेलो," व्लास्तिमिर म्हणाला.

"दार उघड," स्तामेना म्हणाली. "स्लावेच्या पाहुण्याला परत पाठवत नाहीत. तो सैतान असला तरी. आणि हा तर रुस्तेम आहे."

रुस्तेम दारात आला आणि काहीच विसरला नसल्यासारखा म्हणाला, "स्लावा सुखाची जावो, यजमान." गव्हाच्या प्रसादातला एक चमचा घेतला, चमचा पाण्याच्या पेल्यात ठेवला. युद्धाआधी दरवर्षी यायचा, सगळं ठाऊक होतं. डब्यात त्याच्या बायकोने केलेला बकलावा होता, तोही लोणी न घालता, तेलात. उपवास आहे हे त्या मुसलमान बाईला आठवलं होतं. ते बघून स्तामेना स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"अरे, ती गाडी," व्लास्तिमिर म्हणाला. "तुझी स्वतःची नव्हती का?"

"स्लावेला येतोय. तुझ्या दारात तो खटारा घेऊन येऊ? तुझा काही मान आहे की नाही?"

"होता. आता तू ठेवला नाहीस."

रुस्तेमला उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग त्याने खिडकीतून बाहेर बघितलं आणि हळूच म्हणाला, "चुकलंच की. पण ऐक. मी तुझी सुटका घेऊन आलोय." त्याने कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "राजीनामा. माझ्यासमोर सही व्हावी लागते, पण कुठे व्हावी हे कुठे लिहिलंय? काचेच्या दारातून आत यायची गरज नाही. तुझ्या घरात, तुझ्या टेबलावर. परवा बैठक आहे, तिथे तुझं नाव कायम होतं. त्याआधी सही दिलीस तर सुटलास. नाहीतर चार वर्षं."

व्लास्तिमिरने त्या खिशाकडे बघितलं. इतके महिने त्याला हेच हवं होतं, आणि ते एका माणसाच्या खिशात दुमडून त्याच्या घरात आलं होतं.

"तुला हे सुचलं कसं?"

"मला नाही सुचलं. कुणीतरी येऊन भेटला. तुझ्यासाठी हात जोडून गेला. नाव सांगू नको म्हणाला."

"आण तो कागद."

"आधी संताच्या नावाने तीन पेले," रुस्तेम म्हणाला. "कामाचं बोलणं त्याच्यानंतर. तुझ्या वडिलांनी मला एकदा या टेबलावरून उठवलं होतं, दुसऱ्या पेल्याला पगाराचं काढलं म्हणून. आठवतं?"

आठवत होतं. रीत ती रीत. व्लास्तिमिरने प्लमच्या दारूचा पहिला पेला भरला, उभ्याने. दुसरा भरत होता तेव्हा दार वाजलं.

आली होती त्स्वेता. कारखान्यातल्या एका जुन्या कामगाराची विधवा, गल्लीच्या टोकाला राहणारी. काळा रुमाल, चांगला कोट.

"खिडकीत मेणबत्ती दिसली," ती म्हणाली. "म्हटलं, संताला नमस्कार करून जावं. संताचा काय दोष?"

तिने प्रसाद घेतला, छातीवर क्रॉसची खूण केली, आणि लांबलचक रिकाम्या टेबलावरच्या सगळ्या खुर्च्या सोडून नेमकी रुस्तेमच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मासा संपायच्या आत तिने सांगितलं, की नवऱ्याचं कारखान्यातलं पेन्शन अडकलंय, कारखान्याची कागदपत्रं काचेच्या इमारतीत आहेत, आणि आत तर जाता येत नाही, शपथ आहे. "इथे मात्र मी स्लावेला आलेय," ती म्हणाली. "स्लावेला कोण कुणाशी बोलतं त्याला कोण काय करणार?"

मग ल्युबिशा आला. त्याच्या गाडीला दोन्ही सरकारांचे नंबर होते आणि कुठलाच चालत नव्हता. मग नळावर पाठ फिरवणाऱ्या दोघी आल्या, एकीच्या मुलाला नोकरी हवी होती, दुसरीला जन्माचा दाखला. मग मागून त्यांचे नवरे आले, बायका इतका वेळ कुठे राहिल्या हे बघायला. तासाभरात ती पंगत भरली. खुर्च्या कमी पडल्या, स्तामेनाने स्टुलं आणली. दारापाशी बुटांचा ढीग झाला. प्रत्येकजण दारात प्रसाद घेताना व्लास्तिमिरला म्हणत होता, "स्लावा सुखाची जावो, यजमान." आणि काहीजण जरा जवळ येऊन, "मी काही तुला मत दिलं नव्हतं हं, आधीच सांगतो." हे असं सांगणारे त्याने मोजले नाहीत, पण अकराहून कमी नसावेत.

शेवटी ग्वोझ्देन आला.

ग्वोझ्देनने सावकाश क्रॉसची खूण केली, प्रसाद घेतला, मिशा पुसल्या. "मी पालिकेशी बोलायला आलेलो नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ती पालिका नाहीच. मी संताच्या घरी आलोय. तिथे कोणी पाहुणा बसलेला असेल तर त्याच्याशी दोन शब्द बोलणं हा माणुसकीचा भाग आहे." आणि तो पाहुण्यासमोर बसला आणि दोन शब्दांत त्याने नदीकाठच्या शेताचं सांगितलं, जे त्याला धाकट्याच्या नावावर करायचं होतं आणि ज्याची मूळ नोंद नेमकी त्या नसलेल्या पालिकेच्या कपाटात होती.

व्लास्तिमिर पेले भरत होता. मासे वाढत होता, पाव कापत होता, पाहुण्यांच्या पाठीमागून फिरत होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, पण घर भरलं होतं. वडिलांच्या वेळेसारखा गलका होता, चमच्यांचा आवाज होता, कुणीतरी गाणं धरत होतं. त्याला माहीत होतं की ही माणसं त्याच्यासाठी आलेली नाहीत. तरी त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

रुस्तेम सगळ्यांचं ऐकून घेत होता. भला माणूस, नाही म्हणता येत नाही त्याला. शेवटी त्याने दोन्ही हात वर केले. "इतकं माझ्या डोक्यात राहायचं नाही," तो म्हणाला. "सोमवारी सगळं नीट व्लास्तिमिरकडे आणून द्या. तो मला आणून देईल. माझा उपाध्यक्ष आहे तो."

म्हणून गेला खरा. बोलून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं आणि त्याने जीभ चावली. पण सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा गावाने व्लास्तिमिरच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

ग्वोझ्देन पेला घेऊन उठला. "यजमानाला आयुष्य," तो म्हणाला. "घराला भरभराट. आणि संत जसा आपल्या जागी उभा राहिला, तसा आमचा व्लास्ताही आहे त्या जागी उभा राहो."

"राहो," सगळी पंगत म्हणाली.

रुस्तेम निघाला तेव्हा व्लास्तिमिर त्याला सोडायला दाराजवळच्या बोळात आला. बुटांच्या ढिगाशेजारी रुस्तेमने खिशातून कागद काढला, जोड्यांच्या कपाटावर पसरला, वर पेन ठेवलं. "इथेच. चटकन. कुणी बघत नाही."

व्लास्तिमिरने पेन उचललं. आतून हसण्याचा आवाज आला. ल्युबिशा कुणाला तरी सांगत होता, "सोमवारी मी पहिला हं, व्लास्ताच्या घराला माझं घर जवळ." पेन टेकलं की हे घर पुन्हा सकाळसारखं होणार. खुर्च्या, गार होणारी उसळ, फाटकावरचा खडू. आणि वर ग्वोझ्देन म्हणणार, सही केलीस म्हणजे मान्यता दिलीस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण सोडल्यावर जे पळणार होतं ते आत बसून हसत होतं, आणि ते त्याने इतक्या महिन्यांनी ऐकलं होतं.

"आज नको," तो म्हणाला. "संताचा दिवस. संताच्या दिवशी सह्या करत नाहीत."

"अशी कुठली रीत? मी इतकी वर्षं येतोय, मला कधी कळली नाही."

"आहे."

रुस्तेम त्याच्याकडे बघत राहिला. "परवानंतर चार वर्षं, व्लास्ता. मी पुन्हा येऊ शकणार नाही, आज ही गाडी बघितलीस ना काय झालं. आणि तो जो माझ्याकडे आला होता, त्याला मी काय सांगू?"

"सांग, मी त्याचे आभार मानले."

रुस्तेमने कागद दुमडला आणि खिशात ठेवला. गाडी गेली, आणि ती वळणाआड जाते न जाते तोच पाहुणे उठायला लागले. थोड्याच वेळात बूट संपले.

अंधार पडायला लागला होता. मेणबत्तीचं बोटभर राहिलं होतं. स्तामेना ताटं गोळा करत होती. "आता तरी बस," ती म्हणाली. "सगळे गेले."

"सगळे आले नव्हते," तो म्हणाला.

तेवढ्यात मागचं दार, अंगणाकडचं, वाजलं. न विचारता उघडलं. रादोश आत आला. खांदे ओले, हातात वाइनची बाटली, डोक्यावर त्याची स्वतःची नसलेली टोपी. त्याने क्रॉसची खूण केली, प्रसादाचा चमचा घेतला, आणि तोंडातला गहू चावत व्लास्तिमिरकडे बघितलं.

"स्लावा सुखाची जावो, कुमा. झालं का?"

"काय?"

"सही."

व्लास्तिमिरच्या हातातली सुरई तशीच राहिली. "तू गेला होतास," तो म्हणाला.

"मीच. त्या काचेच्या दारातून." रादोशने टोपी काढली. "भावाची टोपी घालून, इथपर्यंत ओढून. क्रॉसवर हात ठेवलेला माणूस मी, चोरासारखा आत गेलो. पहारेकऱ्याला माझं नाव सांगावं लागलं, तेव्हा वाटलं, आता घरी न जाता नदीतच जावं. पण म्हटलं, कुमाला बाहेर काढायचं तर काढायचं. शपथेचं पाप माझं."

"रस्त्यात तोंड फिरवलंस माझ्यापासून."

"तिथूनच येत होतो. तुझ्याशी बोललो असतो तर सांगून टाकलं असतं. मला पोटात काही राहत नाही, तुला ठाऊक आहे. आणि आज मुद्दाम उशिरा आलो, म्हटलं सकाळपासून ग्वोझ्देनची माणसं फाटकावर लक्ष ठेवून असणार, तुमचं काम होऊ दे निवांत." त्याने टेबलाकडे बघितलं. इथून तिथपर्यंत उष्टी ताटं. "बरेच आले की."

"आले."

"चांगलं झालं." त्याने बाटली टेबलावर ठेवली. "सही झाली ना?"

स्तामेनाने ताटं खाली ठेवली. तिला बोळातलं काही माहीत नव्हतं, पण आता ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला कळत होतं.

"घर भरलं होतं, कुमा," तो शेवटी म्हणाला. "इतक्या दिवसांनी घर भरलं होतं."

रादोशने चमचा पाण्याच्या पेल्यात ठेवला. रागावला नाही, ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने भावाची टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, "मी आलो असतोच ना. रिकामं असतं तरी मी आलो असतो."

"बस," व्लास्तिमिर म्हणाला. "बस, मी वाढतो. मासे आहेत."

रादोश बसत होता, एवढ्यात पुढचं दार वाजलं. बाहेरून ल्युबिशाच्या बायकोचा आवाज आला, गोड, अदबीचा. या गल्लीत तिला असं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"उपाध्यक्ष आहेत का घरात? सोमवारपर्यंत थांबायला नको म्हटलं."

रादोश खुर्ची न ओढता उठला. त्याने टोपी पुन्हा डोळ्यांवर ओढली, व्लास्तिमिरच्या दंडावर एकदा हात ठेवला आणि मागच्या दाराने, कुणाला दिसू नये असा निघून गेला. टेबलावर त्याने आणलेली बाटली तशीच बंद राहिली. पुढचं दार पुन्हा वाजलं. व्लास्तिमिर सकाळपासून उभाच होता. तो दार उघडायला गेला.